कुंपण मोडलं, जमीन विकली

ज्या तीन लेखकांच्या जोरावर आज जगभर लोक स्वतःला स्टोइक म्हणवून घेतात, त्या तिघांपैकी एकानेही हे तत्त्वज्ञान घडवलेलं नाही. सेनेका इ.स. ६५ मध्ये सम्राट नीरोच्या हुकमावरून मेला. एपिक्टेटस इ.स. १०० च्या आसपास निकोपोलिसमध्ये शिकवत होता. मार्कस ऑरेलियस १८० मध्ये, मोहिमेवर असताना वारला. स्टोइक शाळा मात्र अथेन्सच्या अगोरात, म्हणजे भर बाजारचौकात, सुरू झाली ती इ.स.पू. ३०० च्या सुमारास. एपिक्टेटसच्या तोंडून आपण जे ऐकतो त्यामागे चारशे वर्षांचं खंडनमंडन आहे. ते सगळं पुसायचं, तिघांची निवडक वाक्यं वेचायची, त्यामागे सूर्यास्ताचं चित्र लावायचं आणि मनःशांतीचा प्राचीन मार्ग म्हणून विकायचं, हा धंदा आता चांगलाच फोफावला आहे. पुस्तकांच्या दुकानात अख्खा कप्पा, फोनमध्ये ॲप, रोज सकाळी एक सुविचार. मला या धंद्याची चीड आहे आणि ती लपवायचं काही कारण दिसत नाही.

या कापाकापीत मूळ विचार नुसता पातळ होत नाही, तो उलटा होतो. नीट विचार करायला, वाद घालायला आणि वेळ आली तर सत्तेसमोर उभं राहायला शिकवणारी शाळा 'होतंय ते निमूट सोसा' असं सांगणारी होऊन बसते. स्टोइकांची नीती ग्रीक तर्कशास्त्रावर आणि ग्रीक विश्वविचारावर उभी होती. हा पाया काढून घेतला की उरतो तो निव्वळ आज्ञाधारकपणा.

स्टोइकांनीच याला एक दाखला दिला होता. तत्त्वज्ञान म्हणजे शेत. तर्कशास्त्र त्याचं कुंपण, निसर्गविचार ही जमीन आणि नीती हे पीक. आजच्या दुकानदारांनी कुंपण मोडलं, जमीन विकली आणि पीक तेवढं टोपल्यांत भरून बाजारात आणलं. पुढच्या हंगामात पेरायचं कुठे, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

असं का झालं याचं एक कारण इतिहासात आहे. संस्थापक झेनोचं एकही पुस्तक पूर्ण उरलं नाही. त्याच्यानंतरच्या क्लिअँथिसचं झ्यूसवरचं एक स्तोत्र आणि काही तुकडे उरले. तिसरा प्रमुख ख्रिसिपस याच्या नावावर सातशेच्या वर ग्रंथ होते. त्यातलाही एक धड आपल्या हाती नाही. हे तिघं काय म्हणत होते ते आपल्याला बरंचसं त्यांच्या विरोधकांकडून कळतं. प्लुटार्क, गेलन, सेक्स्टस एम्पिरिकस यांनी खोडून काढण्यासाठी उद्धृत केलं म्हणून ते वाचलं. सिसरोने लॅटिनमध्ये वाद मांडले, डायोजिनीस लार्टिअसने चरित्रं आणि मतं जमवली. हे विखुरलेले तुकडे हान्स फोन आर्निमने १९०३ ते १९०५ या काळात तीन खंडांत एकत्र आणले. तुकडे वाचणं कष्टाचं काम आहे, मार्कसची रोजनिशी त्या मानाने सोपी. पण वाचायला अवघड म्हणून ते नव्हतंच असं वागणं ही लबाडी आहे.

झेनोची गोष्ट घ्या. सायप्रस बेटावरच्या किटिअम गावचा हा व्यापारी. जांभळ्या रंगाचा महागडा माल घेऊन येताना पिरेअसजवळ त्याचं जहाज फुटलं. प्रेरणादायी भाषणांत गोष्ट इथेच थांबते: सगळं गेलं, पण त्यातून संधी मिळाली! डायोजिनीस लार्टिअस पुढे जे सांगतो ते या भाषणांना नको असतं. झेनो अथेन्समध्ये एका पुस्तकवाल्याच्या दुकानात जाऊन बसला. तिथे झेनोफोनने लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या आठवणींचा दुसरा भाग वाचला जात होता. ते ऐकून त्याने विचारलं की अशी माणसं कुठे भेटतील. नेमका तेव्हा रस्त्यावरून क्रेटीस चालला होता. पुस्तकवाल्याने त्याच्याकडे बोट दाखवलं. म्हणजे या माणसाला फुटलेल्या जहाजाने तत्त्वज्ञ केलं नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी विषाचा प्याला प्यायलेल्या सॉक्रेटिसबद्दलच्या एका पुस्तकाने आणि त्या पुस्तकावरून सुचलेल्या प्रश्नाने केलं.

क्रेटीस हा सिनिक पंथाचा, थीब्जचा. आपली संपत्ती सोडून देऊन तो रस्त्यावर जगत होता आणि त्याची बायको हिपार्किया घरदार झुगारून त्याच्यासोबत तसंच जगत होती. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनीस, मग सिनोपचा डायोजिनीस, मग क्रेटीस, अशी ही परंपरा सांगतात. झेनोची भीड चेपावी म्हणून क्रेटीसने त्याला मसुराच्या आमटीचं मडकं घेऊन भर वस्तीतून चालायला लावलं. तो लाजून मडकं लपवू लागला तेव्हा काठीने ते फोडलं आणि आमटी त्याच्या पायांवरून ओघळली. सिनिकांकडून झेनोने घेतलं ते हे: पैसा, घराणं, लोकांची वाहवा यांवर माणसाचं मोल ठरत नाही, आणि हे नुसतं बोलायचं नसतं. त्याच्या 'पॉलिटिया' या पुस्तकात आदर्श नगरात देवळं नकोत, न्यायालयं नकोत, नाणी नकोत, बाया-पुरुषांचे कपडे एकसारखे असावेत, असं लिहिलेलं होतं. पुढच्या काळात काही स्टोइकांनाच या पुस्तकाची लाज वाटू लागली. आज 'यशस्वी लोकांचं तत्त्वज्ञान' म्हणून जे खपवलं जातं त्याचा संस्थापक नाणं बंद करा म्हणत होता, हे खपवणाऱ्यांपैकी किती जण सांगतात?

पण झेनो क्रेटीसपाशी थांबला नाही. त्याला कारणं हवी होती. तो मेगाराच्या स्टिल्पोकडे जाऊ लागला तेव्हा क्रेटीसने त्याचं वस्त्र धरून त्याला ओढलं, अशी हकिकत आहे. झेनोने उत्तर दिलं की तत्त्वज्ञाला ओढायचं तर कानांनी ओढ. पटवून दे आणि घेऊन जा, जबरदस्ती केलीस तर शरीर तुझ्याजवळ राहील, मन स्टिल्पोकडे. पुढे तो डायोडोरस क्रोनसकडे तर्काचे डावपेच शिकला आणि प्लेटोच्या अकादमीत पोलेमोकडेही बसला. मागच्या दाराने येऊन आमची मतं चोरतोस आणि त्यांना फिनिशियन कपडे चढवतोस, असं पोलेमो त्याला तोंडावर म्हणाला. आरोपात तथ्य होतं आणि त्यात कमीपणा काहीही नव्हता. स्टोइक विचार हा असा दारोदार फिरून, प्रत्येक घरात भांडून जमवलेला आहे. ज्यांना तो एका महापुरुषाच्या सुविचारांची पोथी वाटतो त्यांनी या माणसाच्या शिक्षणाकडे एकदा बघावं.

आता ते गाजलेलं सूत्र: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, हातातल्यांकडे लक्ष द्या. ऐकायला कुणालाही पटेल असं. पण बाहेरच्या गोष्टी बिनमहत्त्वाच्या का? आजचे गुरू सांगतात, त्या आपल्या ताब्यात नाहीत म्हणून. हे उत्तर चूक आहे आणि साधा विचार केला तरी चूक दिसतं. माझ्या मुलाचा जीव माझ्या ताब्यात नाही; एवढ्यावरून तो मोलाचा नाही असं कसं ठरेल?

खरं उत्तर सॉक्रेटिसचं आहे. प्लेटोच्या 'युथिडेमस' संवादात तो क्लिनिअस नावाच्या कोवळ्या पोराशी बोलतो. श्रीमंती, आरोग्य, रूप, सत्ता या गोष्टी चांगल्या ना? चांगल्या. पण त्या नुसत्या असून उपयोग नाही, वापरल्या तर उपयोग. आणि चुकीच्या वापरल्या तर? मग नुसत्या नसण्यापेक्षाही वाईट; मूर्खाच्या हातात सत्ता असण्यापेक्षा ती नसलेली बरी. तेव्हा या गोष्टी स्वतःहून चांगल्याही नाहीत आणि वाईटही नाहीत. त्यांचा नीट वापर करणारं शहाणपण तेवढं चांगलं, अज्ञान तेवढं वाईट. स्टोइकांनी हा युक्तिवाद उचलला आणि न कचरता शेवटापर्यंत नेला. सद्गुण हेच एकमेव हित, दुर्गुण हेच एकमेव अहित, बाकी सगळं उदासीन. शहाणपण आपल्या हातात असतं ही गोष्ट या युक्तिवादातून पुढे निघते. ती त्याचा पाया नव्हे. पाया काढून फक्त निष्कर्ष पाठ केला की माणूस दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून खांदे उडवायला शिकतो. सॉक्रेटिसने असं शिकवलं नाही.

दुसरं मूळ त्याहून जुनं. इफेससचा हेराक्लायटस, इ.स.पू. ५०० च्या आसपासचा. विश्व म्हणजे ठरावीक मापाने पेटणारा आणि ठरावीक मापाने विझणारा अग्नी, आणि या सगळ्यात एकच सर्वांना समान असा लोगोस, म्हणजे विवेक, असं तो सांगत होता. क्लिअँथिसने त्याच्यावर चार पुस्तकं लिहिली. हा क्लिअँथिस आधी मुष्टियोद्धा होता. अथेन्समध्ये रात्री बागांना पाणी शेंदून घालायचा आणि दिवसा झेनोसमोर बसायचा. कागदाला पैसे नसत म्हणून शिंपल्यांवर आणि बैलाच्या हाडांवर टिपणं काढायचा. त्याने आणि ख्रिसिपसने हेराक्लायटसच्या अग्नीतून एक भव्य विश्वचित्र उभारलं: सगळं जग एक सजीव, विवेकी शरीर, त्यात भिनलेला उष्ण प्राणवायू, प्रत्येक घटना कारणांच्या साखळीत गुंफलेली, आणि माणसाची बुद्धी ही त्याच विश्वबुद्धीचा अंश. निसर्गाला धरून जगा या सांगण्याला अर्थ येतो तो इथून. जे घडतं त्याचा स्वीकार करायचा, कारण ते विवेकी विश्वात घडतं आणि तुमचा विवेक त्याचा भागीदार आहे. विश्वाबद्दलचं हे म्हणणं काढून टाका आणि मग सांगा, स्वीकार कशासाठी करायचा? साहेबांनी सांगितलं म्हणून?

सगळंच कारणांच्या साखळीत ठरलेलं असेल तर काही करायचंच कशाला, हा पेच त्या काळीही कुणीतरी टाकलाच होता. त्याला 'आळशी युक्तिवाद' म्हणत. बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, बरे व्हालच; मग वैद्य कशाला? ख्रिसिपसने याची चिरफाड केली. बरं होणं एकटं ठरलेलं नसतं. वैद्याला बोलावणं आणि बरं होणं या दोन गोष्टी एकत्र ठरलेल्या असतात. तुमची कृती त्या साखळीतली एक कडी आहे. ती गाळली तर पुढची कडीच नाही. प्रारब्ध मानणाऱ्या माणसाने निष्क्रियतेला दिलेलं इतकं नेमकं उत्तर माझ्या वाचनात दुसरं नाही. आज स्टोइक नावाखाली जो निमूटपणा शिकवला जातो, त्याच्याशी हा माणूस दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी भांडून जिंकला होता.

आता तर्कशास्त्राकडे येतो, कारण सगळ्यात मोठा गुन्हा इथे घडला आहे. ख्रिसिपसने अनुमानाचे पाच मूळ प्रकार पक्के केले. पहिलं असेल तर दुसरं, पहिलं आहे, म्हणून दुसरं. पहिलं असेल तर दुसरं, दुसरं नाही, म्हणून पहिलं नाही. असे पाच, आणि बाकीचे वैध युक्तिवाद त्यांच्यावरून सिद्ध करायचे. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र पदांचं होतं, हे पूर्ण विधानांचं. एकोणिसाव्या शतकात कार्ल प्रांट्लसारख्या इतिहासकाराने त्याची पोरकट म्हणून हेटाळणी केली. १९३० च्या दशकात यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आधुनिक तर्कशास्त्राला जे नव्याने गवसलं त्याचा गाभा ख्रिसिपसकडे होता.

याचा मनःशांतीशी काय संबंध, असं विचारणाऱ्याने झेनोचा हात डोळ्यांपुढे आणावा. सिसरो सांगतो: झेनो पंजा उघडा धरायचा आणि म्हणायचा, हा मनावर उमटलेला ठसा. बोटं जराशी वाकवली की ती संमती. मूठ वळली की आकलन. त्या मुठीवर दुसरा हात घट्ट आवळला की ते ज्ञान, आणि ते फक्त शहाण्याजवळ असतं. स्टोइकांचं सारं मानसशास्त्र या हातात आहे. ठसा आपोआप उमटतो; त्याला संमती द्यायची की नाही हे आपलं काम. राग म्हणजे काय? 'माझं अहित झालं आणि उलट प्रहार करणं योग्य आहे' या विधानाला दिलेली संमती. विधान खोटं असेल तर राग ही चूक आहे, हिशेबातल्या चुकीसारखी. सॉक्रेटिस म्हणाला होता की कुणीही जाणूनबुजून वाईट करत नाही. ख्रिसिपसने तेच प्लेटोच्या विरोधात उभं केलं: मनाचे तीन तुकडे नाहीत, विकार हा बुद्धीच्या बाहेरचा राक्षस नाही, तो बुद्धीचाच चुकलेला निर्णय आहे. युरिपिडीसच्या 'मीडिया' नाटकातून त्याने आपल्या एका पुस्तकात इतके उतारे घेतले की ते पुस्तक हातात असलेल्या एकाने काय वाचतोस या प्रश्नावर ख्रिसिपसची 'मीडिया' असं उत्तर दिलं.

म्हणून स्टोइक माणूस राग गिळत नाही, तो राग तपासतो. आणि तपासायला तर्क लागतो. भावना मारून दगड व्हा असं ही शाळा कधीच म्हणाली नाही. तिच्या यादीत शहाण्याच्या आनंदाला, सावधपणाला आणि सदिच्छेला जागा होती. ऑलस गेलिअसने एका वादळी समुद्रप्रवासाची हकिकत लिहिली आहे. सोबतचा स्टोइक तत्त्वज्ञ भीतीने पांढराफटक पडला होता. नंतर विचारलं तेव्हा त्याने एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं: पहिला धक्का शहाण्यालाही बसतो, फरक त्यानंतरच्या संमतीत आहे. दाढी वाढवून थंड डोळ्यांनी कॅमेऱ्यात बघणाऱ्या मंडळींनी हे प्रकरण वाचावं.

एपिक्टेटसलाही या कापाकापीत फसवून ओढलं जातं. तो तर म्हणे व्यवहारी, त्याला पंडिती तर्क नको होता. ख्रिसिपसची पुस्तकं पाठ करून मिरवणाऱ्या पोरांना तो झोडपायचा, खरं आहे. पण तर्कशास्त्र उपयोगाचं आहे हे पटवून द्या असं कुणी म्हणालं तेव्हा त्याने उलट विचारलं की मी सिद्ध करून दाखवू का? हो म्हटल्यावर पुढचा प्रश्न: मग माझी सिद्धता खरी की फसवी, हे तू कशाच्या जोरावर ओळखणार? विद्यार्थी गप्प झाला. सुविचारांच्या ॲपमध्ये हा प्रसंग मला आजवर दिसला नाही.

या शाळेच्या पहिल्याच पिढीत एकाने नेमका आजचा प्रयोग करून पाहिला होता. खिऑसचा अरिस्टो, झेनोचा शिष्य, बोलण्यात पटाईत, मागे गर्दी. तो म्हणायचा, निसर्गविचार आपल्या आवाक्याबाहेरचा आणि तर्क म्हणजे कोळ्याचं जाळं, कुशल पण निरुपयोगी. नीती तेवढी पुरे. पण तो प्रामाणिक होता. नीती तेवढीच ठेवल्यावर जे निघतं ते त्याने मान्य केलं: आरोग्य आणि आजार यांत काडीचा फरक नाही, एकाला पसंती द्यायला कारणच नाही. झेनोचं म्हणणं वेगळं होतं. आरोग्य हे हित नव्हे, तरी निसर्गतः पसंत करण्याजोगं आहे, म्हणून निवडावं. ही पसंती येते ती निसर्गविचारातून, जन्मल्यापासून जीव स्वतःला जपू पाहतो या निरीक्षणातून. ख्रिसिपसने अरिस्टोला याच मुद्द्यावर धरलं: सगळंच सारखं असेल तर शहाणपण निवडणार तरी काय? अरिस्टोचा पंथ विरला. आजच्या बाजाराला अरिस्टोची सवलत हवी आहे आणि सोबत झेनोची आरोग्य-पैसा-यश ही पसंतीची यादीही हवी आहे. तर्क नको, निसर्गविचार नको, पण पगारवाढ मात्र 'निसर्गाला धरून'. अरिस्टोला असं करताना लाज वाटली असती.

आपल्याकडे आणखी एक आळस आहे. स्टोइक म्हटलं की लगेच हात हलवून सांगायचं, हे तर आपल्या गीतेतलं स्थितप्रज्ञाचंच लक्षण. वरवरचं साम्य आहे, नाही म्हणत नाही. पण स्टोइकांच्या मते जे काही खरोखर अस्तित्वात आहे ते शरीर आहे. आत्मासुद्धा शरीरच, उष्ण वायूचा. तो अमर नाही. ख्रिसिपस म्हणतो, शहाण्यांचा आत्मा फार तर सगळं विश्व पुन्हा आगीत विरेपर्यंत, म्हणजे विश्वाच्या पुढच्या होळीपर्यंत, टिकेल. जन्मफेऱ्यातून सुटका नाही, मोक्ष नाही, आत्म्याला कापता-जाळता न येणं नाही. गीतेचा आणि स्टोइकांचा, दोघांचाही अपमान करायचा असेल तर दोघं एकच बोलतात असं म्हणावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड आहे असं आक्षेप घेणाऱ्यांना वाटतं. विश्वाची होळी, प्राणवायू, सगळीकडे भिनलेला ईश्वर हे आज कोण मानतं? खोटी भौतिकी फेकून दिली तर बिघडलं काय? फेका, जरूर फेका. पण फेकल्यावर हिशेब द्या. ऱ्होड्सच्या पनेटिअसला इ.स.पू. दुसऱ्या शतकातच विश्वाच्या होळीबद्दल आणि भविष्यकथनाबद्दल शंका होत्या. त्याने त्या मांडल्या, आणि हा शाळेचा प्रमुख झालेला माणूस. म्हणजे निसर्गविचार दुरुस्त करायची परंपरा या शाळेत आहे, तो टाळायची नाही. आपल्या काळात लॉरेन्स बेकर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९८ मध्ये एक पुस्तक काढलं. ईश्वरी योजना न मानता स्टोइक नीती उभी राहते का, हे त्याने पानापानावर युक्तिवाद करून तपासलं. पुस्तक रुक्ष आहे, कठीण आहे, त्याचे निष्कर्ष मला सगळे पटत नाहीत. पण हा माणूस क्लिअँथिसच्या जातीचा आहे. ज्याला ईश्वरी योजना मान्य नाही आणि 'जे घडतं ते भल्यासाठी' हे वाक्य मात्र रोज हवं आहे, त्याने बेकरइतके कष्ट करावेत किंवा ते वाक्य सोडावं.

हे सगळं पुस्तकी भांडण असतं तर मी एवढा चिडलो नसतो. माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या कंपनीने शेकडो लोकांना घरी पाठवलं आणि उरलेल्यांसाठी लगोलग 'स्टोइक नेतृत्व' नावाचा वर्ग भरवला. कपात आपल्या हातात नाही, आपली प्रतिक्रिया आपल्या हातात आहे, असं प्रशिक्षकाने सांगितलं. समोर बसलेल्यांच्या रिकाम्या झालेल्या शेजारच्या खुर्च्यांबद्दल तो काही बोलला नाही. कपात ज्यांच्या हातात होती ते मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

प्रशिक्षकाने वापरलेला विचार एपिक्टेटसच्या 'प्रवचनां'च्या पहिल्या भागातल्या पहिल्या प्रकरणातला आहे. ते प्रकरण त्याने शेवटपर्यंत वाचलं असतं तर उदाहरणं कुणाची आहेत ते कळलं असतं. प्लॉटिअस लॅटेरॅनस: इ.स. ६५ च्या नीरोविरुद्धच्या कटात होता, शिरच्छेद झाला, पहिला घाव कच्चा पडला तेव्हा मान आणखी पुढे ताणली. त्याला कटाबद्दल विचारायला आलेला एपाफ्रोडिटस हा एपिक्टेटसचा मालक. त्याला उत्तर मिळालं की बोलायचं असलंच तर तुझ्या धन्याशी बोलेन. थ्रेसिआ पीटस: ६६ मध्ये त्याला मरणाची शिक्षा झाली. ॲग्रिपायनस: हद्दपारीची बातमी आल्यावर ठरल्या वेळी व्यायाम आणि अंघोळ करून निघाला. 'आपल्या हातात काय आहे' या प्रश्नाला एपिक्टेटस या माणसांची नावं घेऊन उत्तर देतो. सम्राट माझी मान कापू शकतो, माझी संमती घेऊ शकत नाही. हे वाक्य सम्राटाच्या विरोधात उच्चारलेलं आहे. सम्राटाच्या सोयीसाठी ते वापरणं हा उघड खोटेपणा आहे.

आता ज्या सेनेकाला हे लोक डोक्यावर घेतात त्याच्याबद्दल. इ.स. ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईचा खून करवला. सीनेटला जे समर्थनाचं पत्र गेलं ते सेनेकाने लिहून दिलं, असं टॅसिटस सांगतो. त्याच बैठकीत अभिनंदनाचे ठराव होत असताना थ्रेसिआ पीटस उठला आणि चालता झाला. दोघेही त्याच शाळेचे. चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स कोणत्या तत्त्वज्ञानाने मिळवलेस, असा जाहीर आरोप सेनेकावर झाला होता. त्याची पत्रं मी वाचतो, त्यातली काही अजोड आहेत. पण थ्रेसिआचं नाव ज्याला ठाऊक नाही आणि सेनेकाची वचनं तोंडपाठ आहेत, त्याला या शाळेत काय पणाला लागलं होतं ते कळलेलं नाही.

आणि शाळेचा स्वतःचा दोषही झाकून चालणार नाही. ॲरिस्टॉटल म्हणत होता की काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात. स्टोइकांच्या विश्वात याला जागा नव्हती: लोगोसचा अंश प्रत्येकात, म्हणून सगळी माणसं एका नगरीची. ख्रिसिपसच्या मते गुलाम म्हणजे आयुष्यभरासाठी बांधलेला मजूर. माणसाने माणसाची मालकी करणं वाईट, असंही त्यांच्या व्याख्यांत नोंदलेलं आहे. सेनेकाने गुलामांना पंक्तीला घ्या म्हणून सांगितलं. एपिक्टेटस स्वतः गुलाम होता, मार्कस ऑरेलियस एकोणीस वर्षं सम्राट होता. प्रत्येक माणसात विवेक असेल तर कुणी कुणाचा माल नाही. प्रत्येक माणसात विवेक आहे. ही दोन्ही विधानं त्यांच्याकडे होती आणि ख्रिसिपसचा पहिला अनुमानप्रकारही होता. तरी गुलामगिरी मोडा, असं लिहिलेलं एकही स्टोइक पान आपल्यापर्यंत आलेलं नाही.